रुपेरी सफरचंदे

दिवाळीची झाडलोट निघाली की आमच्या घरातला माळा म्हणजे एक समरभूमी होते. सौभाग्यवती वर चढतात, मी शिडी धरून उभा राहतो आणि वरून येणाऱ्या "हे टाकू का?" या प्रत्येक प्रश्नाला "असू दे" एवढेच उत्तर देतो. यंदा या धामधुमीत वडिलांच्या वेळचा व्हॉल्व्हचा रेडिओ खाली आला. मुले म्हणाली, मोडीत द्या. मी तो तालुक्याच्या गावी नेला. तेथे माझ्याच हाताखालून गेलेला एक विद्यार्थी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान चालवतो. चार दिवसांनी गेलो तो रेडिओचा हिरवा डोळा पेटलेला! मी काटा फिरवला, आणि दोन स्टेशनांच्या मधल्या ओसाड जागेत ती जुनी शिट्टी ऐकू आली. कुईंऽऽ करीत बारीक होत जाणारी, मग जाड होत होत गुरगुरणारी. ज्यांनी असला रेडिओ हाताळला आहे त्यांना तिचे वर्णन सांगायला नको.

विद्यार्थी हसून म्हणाला, "सर, ही शिट्टी आपण चुकवायला बघतो. पण अमेरिकेत दोघांनी असल्याच शिट्ट्यांवर आख्खा बँड उभा केला होता. साठ वर्षं होत आली त्याला. ऐकवू?"

त्याने ऐकवले. खरे सांगतो, पहिल्या श्रवणी मला ते गाणे वाटलेच नाही. एक यंत्र घूंऽऽ करीत होते, मध्येच पाखरासारखे किंचाळत होते, आणि एक माणूस शांतपणे, जवळजवळ निर्विकारपणे गात होता. पण त्याखाली जो ताल चालला होता त्याने मला स्टुलावर बसवून ठेवले. मी पखवाज वाजवणारा माणूस आहे. यंत्रापेक्षा मला त्या ड्रमवाल्याचे कुतूहल अधिक वाटले, आणि त्याच कुतूहलापोटी त्या दोघांच्या मागे लागलो. त्यातून जे हाती आले ते या अंकाच्या वाचकांपुढे ठेवतो.

बँड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लाल डगल्यातले, वरातीपुढचे वाजंत्री उभे राहतात. अमेरिकेत मात्र गिटार, ड्रम आणि गळा घेऊन निघालेल्या चारपाच तरुणांच्या टोळीला बँड म्हणतात. १९६७ साली न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज या भागात, 'कॅफे व्हा?' नावाच्या उपाहारगृहात, 'ओव्हरलँड स्टेज इलेक्ट्रिक बँड' अशा लांबलचक नावाचा एक ताफा वाजवत असे. तसे ताफे त्या काळी न्यूयॉर्कात गल्लोगल्ली होते. त्यांचा गायक सिमियन कॉक्स. जन्म १९३८ चा, टेनेसी प्रांतातल्या नॉक्सव्हिल गावचा. बालपण न्यू ऑर्लिन्सला गेलेले. मूळचा चित्रकार. चित्रकलेसाठी न्यूयॉर्कला आला आणि पोटासाठी गाऊ लागला.

या सिमियनला एका संगीतकार मित्राकडे ऑसिलेटर नावाचे यंत्र दिसले. हे काही वाद्य नव्हे. रेडिओचे कारागीर आणि प्रयोगशाळेतले लोक उपकरणे तपासण्यासाठी ते वापरीत. शाळेत आपण नादकाटा ठोकून दाखवतो. तो एकच एक स्वर देतो आणि विरून जातो. ऑसिलेटर वीज मिळेल तोवर स्वर देतच राहतो, आणि त्याची तबकडी फिरवली की तोच स्वर सेकंदाला शंभर कंपनांवरून हजारांवर चढत जातो, मध्ये एकही पायरी न घेता. आपल्या गवयाची मींड जशी, तशी. फक्त भाव नसलेली. या यंत्राची एक गंमत सांगण्याजोगी आहे. हेवलेट आणि पॅकार्ड या दोन मित्रांनी १९३९ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे एका गॅरेजात जो धंदा सुरू केला, त्यांचा पहिला माल म्हणजे ऑसिलेटरच. वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने 'फँटेशिया' या चित्रपटाच्या ध्वनियोजनेसाठी त्यांच्याकडून आठ ऑसिलेटर विकत घेतले. पुढे दुसरे महायुद्ध संपल्यावर असली यंत्रे जुन्या बाजारात मातीमोलाने मिळू लागली.

सिमियनने एक ऑसिलेटर रंगमंचावर आणला. बँड नेहमीची गाणी वाजवीत असता मध्येच त्याने तबकडी फिरवली. कुईंऽऽ! गिटारवाल्यांनी एकमेकांकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गिटारवाल्यांचेही काही चुकले असे मला वाटत नाही. आपण सुरात वाजवतो आहोत आणि शेजारी कुणी रेडिओचा काटा फिरवतो आहे, हे कुणाला सोसेल? एकेक करून ते निघून गेले. राहिला फक्त ड्रमवाला, डॅनी टेलर.

येथे स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. तीसएक वर्षांपूर्वी आमच्या भजनी मंडळात विजेच्या कामाचा नाद असलेला एक मित्र होता. तंबोरा विकत घेण्याची मंडळाची ऐपत नव्हती. त्याने रेडिओचे सुटे भाग जोडून एक पत्र्याचा डबा केला. बटण दाबले की त्यातून अखंड षड्ज निघे. दोन दिवस कौतुक झाले. मग एका एकादशीला, ऐन अभंगात, डबा तापला की काय कोण जाणे, षड्ज हळूहळू वर सरकू लागला. बुवा त्याच्यामागे चढत गेले आणि शेवटी खोकून थांबले. देऊळभर हशा पिकला. पुढल्या खेपेला तो डबा घेऊन येणार म्हणताच सर्वांनी काही ना काही सबब काढली. मीही काढली. पखवाजाला कणीक लावून तयार होतो, पण घरीच बसलो. तो मित्र पुढे मोटारी वाइंडिंग करण्याच्या कामाला परगावी गेला. आज त्याच मंडळात दुकानातून आणलेला इलेक्ट्रॉनिक तंबोरा आहे आणि त्याला कुणी हसत नाही. डॅनी टेलर मागे राहिला, या एका वाक्याशी मी का अडखळलो, ते यावरून ध्यानी येईल.

दोघेच उरल्यावर जुने नाव निरर्थक झाले. नवे नाव घेतले 'सिल्व्हर ॲपल्स', रुपेरी सफरचंदे. हे शब्द आयरिश कवी यीट्सच्या भटक्या एंगसवरील कवितेतले. आपल्या रवींद्रनाथांच्या इंग्रजी 'गीतांजली'ला १९१२ साली प्रस्तावना लिहिणारे यीट्स ते हेच. नवल असे की त्याच १९६७ साली मॉर्टन सबॉटनिक या संगीतकाराची, निव्वळ विद्युत-यंत्रांवर रचलेली ध्वनिमुद्रिकाही याच कवितेचे शब्द मिरवीत बाहेर पडली. सबॉटनिकजवळ खास तयार करून घेतलेले सिंथेसायझर होते. कळफलक असलेले मूगचे सिंथेसायझरही १९६४ पासून बनू लागले होते. पण त्याची किंमत नव्या मोटारीहून जास्त. आमच्या सिमियनजवळ होता तो जुन्या बाजारातला माल.

त्याने काय केले? एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे करीत नऊ ऑसिलेटर फळ्यांवर ठोकून बसवले. त्यांना जोडलेल्या कळा, खुंट्या आणि तबकड्या मोजल्या तर शहाऐंशी भरत. स्वर चालू-बंद करण्यासाठी तारयंत्राची कळ वापरली. आमच्या लहानपणी पोस्टातले तारमास्तर बोटाने कट्ट-कडकट्ट करीत ती. (आपल्याकडची तार २०१३ साली कायमची बंद झाली.) मुख्य स्वर हातांनी, कोपरांनी आणि गुडघ्यांनी वाजवायचे, खर्जाचे स्वर पायांनी. या अजस्र पसाऱ्याला नाव मिळाले 'द सिमियन'. वाद्याला वादकाचे नाव! गर्व म्हणावा, तर तसेही नाही. ते वाद्य जगात दुसऱ्या कुणाला वाजवताच येत नव्हते, आणि सिमियनला दुसरे कुठले कळफलकाचे वाद्य येत नव्हते. संगीताचे रीतसर शिक्षण त्याच्यापाशी नव्हते. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलेलो नाही, त्यामुळे असल्या माणसांविषयी मला थोडा पक्षपात आहे, हे कबूल करतो.

मात्र या वाद्याच्या मर्यादा मोठ्या होत्या. त्यावर भराभर ताना घेता येत नाहीत. एक स्वर धरायचा, त्याखाली खर्जाचे दोनतीन स्वर पायाने फिरवीत राहायचे, आणि वर एखादी शिट्टी सोडायची. पाश्चात्त्य गाण्यात स्वरसमूह सतत बदलतात. येथे ते बदलणेच कठीण. म्हणून गाणे एकाच स्वराभोवती घुमत राहिले. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही, आपण जन्मापासून षड्जाच्या छायेत बसलो आहोत. न्यूयॉर्कला मात्र ते गूढ, गुंगवणारे वाटले. त्या काळी तिकडे 'सायकेडेलिक' हा शब्द परवलीचा झाला होता. मूळ ग्रीक अर्थ मन प्रकट करणारे. व्यवहारात रंगांचे, ध्वनींचे भास घडवणारे ते सारे सायकेडेलिक.

आता डॅनीचे काम पाहा. सूर जागचा हलत नाही तेव्हा गाणे हलवायचे कुणी? तालाने. डॅनीने आपल्या भल्यामोठ्या ड्रमसंचातले ड्रम निरनिराळ्या स्वरांत लावले, म्हणजे यंत्राच्या सुराशी ते बोलतील. आपला तबलजी हातोडीने गट्टे ठोकून तबला गवयाच्या षड्जात आणतो. तिकडच्या ड्रमवाल्यांत ही चाल नव्हती. डॅनी वाजवतो ते ऐका: पुन्हा पुन्हा तेच आवर्तन, पण कोरडे नाही, प्रत्येक खेपेला एखादा ठोका जरा इकडे, जरा तिकडे. आणि यंत्राचा सूर सरकला तर त्यावर पांघरूण घालायलाही तोच. हे साथीदाराचे काम आहे, आणि साथीदाराचे काम ऐकणाराला दिसत नाही.

कॅप रेकॉर्ड्स या कंपनीने त्यांना घेतले. ही कंपनी घरंदाज, सौम्य संगीताची. रॉजर विल्यम्सचा मधुर पियानो आणि लुई आर्मस्ट्राँगचे १९६४ मधील 'हॅलो, डॉली!' तिनेच काढलेले. अशा घरात ही शिट्ट्यांची वरात शिरली. जून १९६८ मध्ये पहिली तबकडी निघाली, नऊ गाण्यांची. पहिल्याच गाण्याचे नाव 'ऑसिलेशन्स', म्हणजे आंदोलने. बरीच पदे स्टॅन्ली वॉरेन या कवीची होती. 'प्रोग्रॅम' नावाच्या गाण्यात तर रेडिओचे तुकडेच घातले आहेत, काटा फिरवताना कानी पडतात तसे. माझ्या विद्यार्थ्याने मला प्रथम ऐकवले ते हेच. तबकडी खपाच्या यादीत तळाशी कोठेतरी झळकली आणि गेली.

तरी न्यूयॉर्कने त्यांना आपले मानले. २० जुलै १९६९ रोजी मानव चंद्रावर उतरला. तो सोहळा पाहण्यासाठी सेंट्रल पार्क या प्रचंड उद्यानात मोठे पडदे उभारले होते, आणि महापौर जॉन लिंडसे यांच्या वतीने या दोघांना तेथे वाजवायला बोलावले होते. चंद्राच्या निमित्ताने त्यांनी 'म्यून टून' ही रचना केली. न्यूयॉर्कच्या घड्याळात रात्रीचे १० वाजून ५६ मिनिटे झाली असता आर्मस्ट्राँगचा पाय चंद्राच्या धुळीवर टेकला. खाली हिरवळीवर माणसांची दाटी, आणि कानांवर युद्धाच्या अडगळीतल्या यंत्रांचा घूंकार. त्या रात्रीला याहून उचित मंगलवाद्य कोणते असते?

पण याच वर्षी घात झाला, आणि तो संगीताने नव्हे, एका चित्राने केला. दुसरी तबकडी 'कॉन्टॅक्ट' १९६९ सालीच निघाली. वेष्टणाच्या पुढच्या बाजूला दोघे विमानाच्या चालककक्षात बसले आहेत. विमान पॅन ॲम कंपनीचे, तिचे बोधचिन्ह ठळक. कंपनीने जाहिरात होईल म्हणून परवानगी दिली होती. छायाचित्रात मात्र नशेची साधनेही होती. आणि वेष्टण उलटावे तो मागे कोसळलेल्या विमानाचे अवशेष, त्यांत हे दोघे बसलेले, सिमियनच्या हाती बँजो. भग्न विमान पॅन ॲमचे नव्हते. पण पुढे तिचे चिन्ह आणि मागे अपघात, याचा अर्थ लावायला कुणाची मदत लागते?

पॅन ॲमने दावा लावला. या ठिकाणी बहुतेक लेखक धनाढ्य कंपनी आणि गरीब कलावंत असे चित्र रंगवतात. मला ते पटत नाही. विमानात जीव मुठीत धरून बसणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने ती थट्टा ओंगळच होती. आपल्याकडे पॅन ॲम म्हटले की १९८६ साली मुंबईहून निघालेल्या आणि कराचीत अपहरण झालेल्या विमानातली नीरजा भनोत आठवते. प्रवाशांना वाचवताना तिने प्राण दिले. अशा आठवणीपुढे ते वेष्टण ठेवून पाहावे. पण शिक्षा अपराधाला शोभेल अशी नव्हती. तबकड्या दुकानांतून काढल्या गेल्या. डॅनीचे ड्रमदेखील जप्त करून नेले, असे सिमियन पुढे सांगत असे. चूक वेष्टणाची, जप्ती ड्रमची! तिसरी तबकडी ध्वनिमुद्रित होत होती. ती काढायला कंपनीच पुढे आली नाही. १९७० साली 'सिल्व्हर ॲपल्स' संपले. (पॅन ॲमही डिसेंबर १९९१ मध्ये बुडाली.)

पुढची पंचवीस वर्षे दोन वाक्यांत संपतात. सिमियन दक्षिणेत अलाबामाला गेला. चित्रे काढली, मोबील शहरात टेलिव्हिजनचा वार्ताहर झाला. डॅनी टेलिफोन कंपनीत नोकरीला लागला. दोघांना एकमेकांचा ठावठिकाणा उरला नाही. मधल्या काळात जर्मनीत क्राफ्टवेर्क आले, इंग्लंडात सिंथेसायझरवरच्या सुटसुटीत गाण्यांची लाट आली, त्या लाटेने लक्षावधी तबकड्या विकल्या; आणि आरंभीच्या या दोघांची नावे जुन्या तबकड्या धुंडाळणाऱ्या थोड्या वेड्यांच्याच ओठी राहिली.

त्या वेड्यांनीच त्यांना परत आणले. १९९४ च्या सुमारास जर्मनीतल्या एका कंपनीने कुणाचीही परवानगी न घेता दोन्ही तबकड्यांची सीडी काढली. चोरीच ती, सिमियनला तिचा पैसा मिळाला नाही. पण त्या चोरीच्या मालामुळे तरुणांची एक पिढी त्याची गाणी ऐकू लागली. १९९६ साली त्याने नवे जोडीदार घेऊन बँड पुन्हा उभा केला. या वेळी मोठ्या कंपनीच्या दाराशी गेला नाही. स्वतःचीच संस्था काढली, तिला आपल्या जुन्या गाण्याचे, 'व्हर्लीबर्ड'चे नाव दिले, आणि १९९७ साली 'बीकन' ही नवी सीडी काढली. साठीला टेकलेला माणूस, स्वतःचा धनी स्वतः. पण ड्रमवर दुसरा कुणी होता, आणि सिमियन डॅनीला शोधत होता.

न्यू जर्सीत श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारे डब्ल्यूएफएमयू नावाचे एक छोटे रेडिओ केंद्र आहे. डॅनीचा पत्ता लागला तो या केंद्रामुळे. रेडिओच्या शिट्टीतून जन्मलेला बँड रेडिओनेच पुन्हा जोडला, असे मी कादंबरीत लिहिले असते तर संपादकांनी काट मारली असती. डॅनी न्यूयॉर्क राज्यात किंग्स्टनला राहत होता. आणि त्याच्या माळ्यावर तिसऱ्या, अप्रकाशित तबकडीच्या फिती पडून होत्या! अट्ठावीस वर्षांत कुणीतरी "हे टाकू का?" म्हणून विचारले असेलच. त्याने टाकल्या नाहीत.

त्या फितींत काही पुरी गाणी होती आणि काहींवर नुसतेच डॅनीचे ड्रम. त्या काळी सिमियनने त्यांवर काही वाजवायचे राहून गेले होते. १९९८ साली त्याने त्या जुन्या तालांवर नवे ऑसिलेटर वाजवले आणि 'द गार्डन' या नावाने ती तबकडी प्रकाशित झाली. मी ती विद्यार्थ्याच्या दुकानात दोनदा ऐकली. ताल तिशीच्या आतल्या माणसाचा, सूर साठ वर्षांच्या माणसाचा, आणि दोघे तोच एक डॅनी आणि तोच एक सिमियन!

दोघे पुन्हा रंगमंचावर आले, पण थोडेच दिवस. त्याच १९९८ साली एका कार्यक्रमाहून परतताना त्यांची गाडी रस्त्याबाहेर गेली आणि सिमियनची मान मोडली. पुन्हा उभे राहायला त्याला बराच काळ लागला. हातांत पहिली सफाई कधीच आली नाही. २००५ साली डॅनी गेला.

त्यानंतर सिमियन एकटाच वाजवू लागला. इंग्लंडातल्या पोर्टिशेड या नामांकित बँडच्या ज्यॉफ बॅरोने आपल्यावरचे त्याचे ऋण उघडपणे सांगितले. २००८ सालच्या त्यांच्या 'वी कॅरी ऑन' या गाण्यात ते कुणालाही ऐकू येईल. त्यामुळे मोठ्या संगीतमेळ्यांची निमंत्रणे येत गेली. २०१६ साली 'क्लिंगिंग टू अ ड्रीम' ही शेवटची ध्वनिमुद्रिका निघाली. ८ सप्टेंबर २०२० रोजी अलाबामातील फेअरहोप येथे, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, सिमियन वारला.

एकट्याच्या त्या कार्यक्रमांत त्याने दुसरा ड्रमवाला घेतला नाही. डॅनीचे ध्वनिमुद्रित ठोके तो यंत्रातून सोडी आणि त्यांवर गाई. माझ्या विद्यार्थ्याला याचे विशेष वाटले नाही. "आजकाल सगळेच तसं करतात, सर," तो म्हणाला. मी त्याला म्हटले, बाबा, तू पखवाज वाजवलेला नाहीस. जिवंत साथीदार गवयाचे तोंड पाहून वाजवतो. तो चुकला तर थांबतो, धावला तर धावतो. यंत्राचा सूर भलतीकडे गेला की डॅनी त्याच्या मागून जाई, ते १९६८ साली. फितीवरचा डॅनी कुणासाठी थांबत नाही. आता सिमियनलाच त्याच्या मागून जावे लागे, मोडलेल्या मानेने, वर्षानुवर्षे.

रेडिओ घरी आणला आहे. पितळी समयीशेजारी ठेवल्यामुळे सौभाग्यवती नाराज आहेत. आमच्या त्या मित्राचा भाऊ परवा बाजारात भेटला. त्याच्याकडून टेलिफोन नंबर लिहून घेतला आहे. अजून लावलेला नाही.